संजूचा वाफा आणि चौथ्या मजल्यावरची बाल्कनी

“दारू किती वर्षं?” डॉक्टरांनी विचारलं आणि मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागे दुसऱ्या कुठल्या तरी पेशंटचं माणूस उभं असेल आणि प्रश्न त्याला असेल. मागे भिंत होती. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलेलं होतं. मी परत पुढे बघितलं, तर डॉक्टर माझ्याकडेच बघत होते.

माझा धाकटा भाऊ संजय, म्हणजे आमचा संजू, समोरच्या कॉटवर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होता. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, हातांना सतत थरथर. हिंजवडीतल्या त्याच्या खोलीवरून ऑफिसच्या मित्रांनी त्याला परवाच इथे आणून टाकलं होतं, “कावीळ झालीय” म्हणून. मीही कावीळच धरून चालले होते. कावीळ कशी सोयीची असते. बाहेरच्या पाण्यावर ढकलली की झालं.

“नाही हो,” मी म्हटलं, “पार्टीबिर्टीत घेत असेल कधीतरी.”

“तुमचा भाऊ आत्ता चादरीवरच्या मुंग्या वेचतोय,” डॉक्टर म्हणाले. “चादरीवर मुंग्या नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की असं होतं.”

त्याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात हे मला त्या दुपारी कळलं. शरीराला दारूची इतकी सवय झालेली असते की ती तुटल्यावर मेंदू बिथरतो. माणसाला नसलेलं दिसतं, हातपाय कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांना आधीच सांगते, देवापुढे शपथ घालून, खोलीत कोंडून घरच्या घरी दारू सोडवायला जाऊ नका. आधी डॉक्टर गाठा.

पुढचे दिवस तपासण्यांचे. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणजे यकृत कसं काम करतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी. ‘बिलिरुबिन’ म्हणजे डोळे पिवळे करणारा रक्तातला घटक. तो संजूच्या रक्तात नको तितका होता. ‘फायब्रोस्कॅन’ म्हणजे यकृत किती कडक झालंय ते सोनोग्राफीसारख्या यंत्राने मोजणं. प्रत्येक तपासणीसाठी बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसायचं. तिथला टीव्ही आवाज बंद करून चालू असायचा आणि त्यावर कायम कुणीतरी स्वयंपाक करत असायचं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांना पुरणपोळी दाखवायची कल्पना कुणाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं माहेर अकोल्याचं. लग्न होऊन मी पुण्यात आले, विश्रांतवाडीत शाळेत शिकवायला लागले आणि वर्षभरात ‘मले’चं ‘मला’ करून टाकलं. संजू बऱ्याच वर्षांनी आला तो सॉफ्टवेअर टेस्टिंगला. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा याला पगार मिळतो, असं आमचे हे म्हणायचे. त्याचं लग्न जमलं नाही, तो हिंजवडीलाच राहिला, रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि हळूहळू यायचा बंद झाला. ट्रॅफिक असतं, म्हणायचा. हिंजवडीच्या ट्रॅफिकवर पुण्यात कुणी शंका घेत नाही.

भास थांबून तो माणसात आल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी पाटीवर लिहावं तसं सुटं सुटं सांगितलं. याला ‘अल्कोहोल डिपेंडन्स’ म्हणतात. दारूवाचून शरीराचं आणि मनाचं चालेनासं होणं. हा आजार आहे. तो औषधांनी, समुपदेशनाने आणि वेळ दिल्याने आटोक्यात राहतो. मग त्या संजूकडे वळल्या.

“तुमचं यकृत अजून सावरू शकतं. पण ते एकाच अटीवर. पुन्हा प्यायलात तर पुढच्या वेळी मी तुमच्या बहिणीशी काय बोलेन ते मला आत्ताच माहीत आहे.”

संजूने मान हलवली. मी बाहेर येऊन रडले. दारू हा शब्द आमच्या घरात फक्त दुसऱ्यांच्या घरांबद्दल वापरला जायचा.

सोसायटीत मी कावीळच सांगितली. ती बातमी चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत माझ्या आधी पोहोचली. कुणी उसाचा रस आणून दिला, कुणी भिजवलेले मनुके. मी सगळ्यांचे आभार मानले आणि सगळ्यांशी बेमालूम खोटं बोलले.

प्रकृती ठीक झाल्यावर संजूला पुण्याच्या कडेला मांजरी गावाच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं. उसाची शेतं जिथे संपतात आणि नव्या इमारती सुरू होतात, त्या सांध्यावर ते केंद्र आहे. पहिल्याच दिवशी कळलं की तिथे औषधं, समुपदेशन आणि गटातल्या चर्चांबरोबर रोज सकाळी बागकाम आहे. त्याला ‘हॉर्टिकल्चरल थेरपी’ म्हणतात, म्हणजे बागकामाच्या मदतीने उपचार. मी मनात म्हटलं, झालं! इंजिनिअर भाऊ, आणि हे लोक त्याला मेथी लावायला लावणार.

मला जे कळलं नव्हतं ते तिथल्या समुपदेशकांनी समजावलं. “तलफ येते, वाढते आणि आपोआप उतरते. प्रश्न मधल्या वेळाचा असतो. तेवढा वेळ हाताला काम लागतं, आणि असं काम लागतं जे घाईने होत नाही.” बाग दारू सोडवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाग सोडलेली दारू सोडलेलीच ठेवायला मदत करते, तीही बाकीच्या उपचारांबरोबर.

बागेवर हुकूमत होती तात्यांची. तात्या मांजरीतल्या एका मोठ्या शेतकरी घराण्यातले. जमिनी बिल्डरकडे गेल्यावर हाती आलेला रिकामा वेळ त्यांनी बाटलीत घालवला आणि याच केंद्रात पेशंट म्हणून येऊन बरे झाले. गेली कित्येक वर्षं ते बाग बघतात. विनम्र वगैरे अजिबात नाहीत. हातात भारी घड्याळ, डोक्याला कडक इस्त्रीची टोपी, आवाज असा की वांग्यांनीसुद्धा सरळ वाढावं. पहिल्या रविवारी भेटायला गेले तेव्हा ते संजूवरच ओरडत होते.

संजूने त्याच्या वाफ्यातली मेथी पाणी घालून घालून मारली होती. कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली होती.

“समद्यांचं हेच,” तात्या मला म्हणाले. “नवा माणूस आला की झारी सोडत न्हाय. थोडं दिलं की वाटतं आजून द्यावं. आवो, हितं आलेली सगळी मंडळी ‘आजून थोडं’वालीच हाय की.”

म्हणून तिथला नियम होता, पाणी घालण्याआधी बोट पेरभर मातीत खुपसायचं. माती ओली लागली तर झारी खाली ठेवायची. तहान आपल्याला लागलीय की झाडाला, ते आधी बघायचं. हे बोलणं तात्यांचंच. संजूचं बोट त्या दिवसांत इतकं थरथरायचं की मातीत सरळ जायचं नाही. तात्या आपल्या हाताने त्याचं मनगट धरायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणावर तरी ओरडायचे.

दुसरी रीत मला फार आवडली. तिथे आपण लावलेलं आपण खायचं नाही. घरी जाणाऱ्याचा वाफा नव्या माणसाला मिळतो. आदल्याने पेरलेली भाजी नव्याच्या पहिल्या जेवणात असते. संजूने पहिल्या संध्याकाळी जो पालक खाल्ला तो कुणा ट्रकचालकाने लावला होता. तो माणूस बरा होऊन आपल्या गावी गेला होता. संजूने त्याला कधी बघितलं नाही, पण त्याचं नाव अजून संजूच्या तोंडात असतं.

तिसरा नियम ऐकून मात्र मी हसले होते. त्या बागेत गूळ भिजत घालायचा नाही. हल्ली ज्याला त्याला जीवामृताचं वेड आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवायचं आणि आंबलं की झाडांना द्यायचं. तात्यांनी सुरुवातीला तिथे तसं पिंप भरलं होतं. दोन दिवसांनी बघतात तर अर्धे पेशंट काही ना काही निमित्त काढून त्या पिंपाभोवती घुटमळतायत. कुणी प्यायलं नाही, पण कुणाचं कामात लक्ष लागेना, एक जण तर गेटपर्यंत गेला. आंबलेल्या गुळाच्या दारूसारख्या वासाने सगळ्यांच्या मनातल्या जुन्या खोल्या उघडल्या होत्या. तात्यांनी पिंप ओतून दिलं, तेव्हापासून तिथे फक्त कुजलेलं शेणखत आणि पाल्याचं खत. मी हसले ते तात्यांच्या सांगण्याला. संजू हसला नाही.

आठवडे गेले. संजूची भूक परतली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. त्याला झोप लागायला लागली, आणि ती किती महिन्यांनी लागली हे त्याने मला तिथेच पहिल्यांदा सांगितलं. आपण होऊन त्याने मला काही सांगावं, ही गोष्टच मी विसरले होते. दुसऱ्या पेरणीची मेथी उगवली तेव्हा तो मला वाफ्याशी घेऊन गेला आणि रोपांच्या ओळी दाखवत बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस बोटभर मेथी दाखवतोय आणि मी खरोखर कौतुकाने बघतेय. मला माझ्या भावाचा इतका अभिमान त्याच्या पहिल्या नोकरीच्या वेळीही वाटला नव्हता.

मेथी कापायला आली आणि त्याला घरी सोडलं. केंद्राच्या रीतीप्रमाणे ती मागेच राहिली. हिंजवडीची खोली सोडून तो आमच्याकडे राहायला आला. घरून काम करायला ऑफिसने परवानगी दिली. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, खरी परीक्षा घरी असते. केंद्राला कुंपण असतं, घराला नसतं. त्यांनी हेही सांगितलं की त्याच्यावर पोलिसासारखी नजर ठेवू नका. मी हो म्हटलं आणि घरी येऊन रोज त्याच्या अंगाचा वास घेत राहिले.

आमची बाल्कनी त्याने महिन्याभरात हिरवी केली. मिरची, कढीपत्ता, गवती चहा, जुन्या बादलीत मेथी. रोज सकाळी प्रत्येक कुंडीत बोट घालून बघायचा. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, “डॉक्टर राउंडला निघाले.”

सोसायटीत गच्चीवर बाग करणाऱ्या बायकांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांच्या म्होरक्या वर्षाताई, दुसऱ्या मजल्यावरच्या. हे त्यांचं खरं नाव नाही. लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, नाव बदला, पण माझी बाग सोसायटीत पहिल्या नंबरची आहे हे बदलू नका. तर वर्षाताई एके दिवशी दुपारी आल्या. मी शाळेत होते, संजूची मीटिंग चालू होती. आमच्या ह्यांच्या हाती त्यांनी दोन मोठे प्लास्टिकचे कॅन दिले, आजारातून उठलेल्या भावाच्या बागेला भेट म्हणून. ह्यांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीमागे ठेवले आणि साफ विसरून गेले. मला काही सांगितलं नाही.

त्या कॅनमध्ये बायोएन्झाइम होतं. पुण्यातल्या बागवाल्या घरांत हे हल्ली सर्रास करतात. संत्र्या-मोसंब्यांच्या साली, गूळ आणि पाणी कॅनमध्ये भरून तीन महिने मुरवायचं, मग ते झाडांना, लाद्या पुसायला, कशालाही चालतं. पण मुरायच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यात दारूच तयार होत असते. पुढे तिचा आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. हे सगळं मला नंतर कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एका संध्याकाळी शाळेतून घरी आले. दार उघडलं आणि बाल्कनीतून वास आला. गोडसर, आंबूस, नाकात जाऊन बसणारा. हिंजवडीची त्याची खोली रिकामी करायला गेले होते तेव्हा तिथल्या गादीला, पडद्यांना हाच वास होता. मी हाक मारली. संजू घरात नव्हता. लॅपटॉप उघडा, फोन टेबलावर, चपला नाहीत.

मी बाल्कनीत कुंड्या सरकवल्या. कढीपत्त्यामागे लादीवर दोन ओले गोल होते आणि थोडं काहीतरी सांडलेलं. मी बोट लावून वास घेतला. शंका उरली नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं, पुढच्या वेळी मी तुमच्या बहिणीशी काय बोलेन ते मला आत्ताच माहीत आहे.

आमच्या ह्यांना फोन लावला. ते वाण्याकडे होते. मी काय विचारतेय हेच त्यांना कळेना. मग म्हणाले, “अगं, ते कॅन होय? ते वर्षाताईंचं खत आहे.” मी फोन ठेवला. खत असो नाही तर काही असो, वास दारूचा होता, कॅन जागेवर नव्हते आणि माझा भाऊही.

मी लिफ्टने खाली गेले. पार्किंगच्या कडेला, जिन्यासमोर, जिथे बायकांची संध्याकाळची बैठक असते, तिथे संजू उभा होता. पायांशी दोन्ही कॅन, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. समोर वर्षाताई आणि आणखी चार-पाच जणी.

“हे परत घ्या वर्षाताई,” तो म्हणत होता. “यात अजून दारू आहे. मला कावीळ झाली नव्हती. म्हणजे झाली होती, पण दारूने. मी मांजरीला व्यसनमुक्ती केंद्रात होतो. चार दिवस हा वास घेतोय. आज झाकण उघडलं. नुसतं गॅस सोडायला उघडलं असं स्वतःला सांगत होतो. म्हणून खाली आलो.”

बोलण्यात पुण्यात कुणाला हार न जाणाऱ्या बायका त्या, पण एक चष्मा पुसायला लागली आणि दुसरी पिशवी चाचपायला. मग वर्षाताईंनी कॅनकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एवढं वजन घेऊन चार मजले उतरलात? लिफ्ट होती ना.”

“लिफ्टमध्ये वास कोंडतो,” संजू म्हणाला.

त्या चार मजल्यांचा मी अजून विचार करते. दोन्ही हातांत दारू, जिन्यात कुणी नाही, प्रत्येक वळणावर बसायला पायरी. आणि तो खाली येऊन बायकांच्या घोळक्यासमोर, मी महिनोन्महिने झाकून ठेवलेली गोष्ट, आपल्या तोंडाने सांगून मोकळा झाला. वर येताना मला म्हणाला, “ताई, आता मले कोणापासून लपवाचं नाई राह्यलं.” पुण्यात आल्यापासून तो माझ्याशी असं बोलला नव्हता. मी त्याचा हात धरला.

त्याने लगेच केंद्रात फोन केला, समुपदेशकांशी बोलला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, औषधात थोडा बदल केला आणि संजूला म्हणाल्या, “झाकण उघडलं हे सांगितलंत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.” रविवारी तो तात्यांना भेटायला गेला. तात्यांनी आधी गूळ घरात येऊ दिल्याबद्दल आम्हा सगळ्यांचा उद्धार केला, मग त्याच्या जुन्या वाफ्याशी नेऊन उभं केलं. तिथे संजूनंतर आलेला एक गृहस्थ मुळ्याला पाणी घालत होता, अर्थातच जास्त. त्याच्या पहिल्या जेवणात संजूची मेथी होती, असं तात्यांनी सांगितलं.

त्या केंद्राचे, तिथल्या डॉक्टरांचे आणि तात्यांचे आभार कसे मानावेत ते मला अजून सुचलेलं नाही. तात्यांचे मानायला गेलं तर ते म्हणतात, “खत आनलं का? मग बोला.” संजूचं यकृत सावरतंय, तपासण्या चालू आहेत. बरा झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत, बरा राहतोय म्हणतात. मीही आता तसंच म्हणते. कुणी काविळीबद्दल विचारलं तर खरं काय होतं ते सांगते. आकाश कोसळत नाही. समोरचा माणूस बहुतेक वेळा आपल्या घरातलं काहीतरी सांगतो.

पार्किंगमधल्या त्या प्रसंगानंतर वर्षाताई बरेच दिवस दिसल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. मग एका शनिवारी सकाळी दाराशी आल्या, एकट्या, रिकाम्या हाताने. संजू बाल्कनीत मिरचीच्या कुंडीत बोट घालून बघत होता. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. मिरचीवर मावा पडलाय म्हणाल्या, कढीपत्ता छाटायला हवा म्हणाल्या. मी चहा करायला आत गेले.

ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा त्या खाली बघून बोलत होत्या.

“तुमच्या त्या मांजरीला बायकांनाही घेतात का? माझी धाकटी बहीण आहे. म्हणजे, तिला तसं विशेष काही नाही. कधीतरी घेते.”

संजूने मातीचं बोट पुसलं. “घेतात,” तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, “किती वर्षं, वर्षाताई?”

वर्षाताईंनी मागे वळून पाहिलं. मागे मी उभी होते. मी ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.